रिकामी गादी आणि आपली वेदी

आपल्या धर्मग्रामांच्या सणानिमित्त निघणाऱ्या स्मरणिका चाळताना एक विचार वारंवार वाचायला मिळतो. पोर्तुगीज अमदानीत राजदंड आणि क्रूस एकत्र होते, राजा श्रद्धावंत होता, म्हणून ख्रिस्तसभेला बळ होते. आज तो आधार उरला नाही, म्हणून आपण दुबळे झालो, असा त्याचा आशय. लिहिणाऱ्यांच्या श्रद्धेविषयी मला शंका नाही. त्यांच्या इतिहासाविषयी मात्र आहे. ज्या सोळाव्या शतकाची आठवण इतक्या अभिमानाने काढली जाते, त्याच शतकात पोर्तुगालची गादी रिकामी झाली आणि तिच्यासाठी कॅथलिकांनी कॅथलिकांवर तलवार उपसली. त्या झगड्यात वेदीचे काय झाले, हे एकदा नीट पाहायला हवे.

४ ऑगस्ट १५७८ रोजी मोरोक्कोतील अल्कासर किबिर येथे राजा सेबास्तियन रणांगणावर पडला. वय अवघे २४, लग्न झालेले नाही, मागे मूल नाही. ज्येष्ठांचा सल्ला डावलून, धर्मयुद्धाच्या उन्मादात त्याने ही मोहीम काढली होती आणि देशातील सरदारांची एक पिढी सोबत नेली होती. गादीवर आले ते त्याचे चुलत आजोबा, कार्डिनल हेन्री. ब्रागा, एव्होरा आणि लिस्बन येथील आर्चबिशपपदे भूषवलेले आणि इन्क्विझिशनचे प्रमुख राहिलेले हे ६६ वर्षांचे वृद्ध धर्मगुरू एकाएकी राजे झाले. पुढे काय व्हावे? राजवंश टिकावा म्हणून त्यांना ब्रह्मचर्याच्या व्रतातून मुक्त करून विवाहाची परवानगी द्यावी, असा अर्ज रोमकडे गेला! स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने त्याविरुद्ध आपले सारे वजन खर्ची घातले. परवानगी मिळाली नाही. पण ती मागितली गेली, हेच पुरेसे बोलके आहे. सिंहासनाची गरज निर्माण झाली, की धर्मगुरूचे व्रतसुद्धा दरबारी वाटाघाटीचा विषय होते.

३१ जानेवारी १५८० रोजी, स्वतःच्या ६८ व्या वाढदिवशी, कार्डिनल हेन्री वारस न नेमताच निवर्तले. कारभार पाच राज्यपालांच्या हाती राहिला आणि दावेदार पुढे सरसावले. प्रमुख तिघेही राजा मानुएल पहिला याची नातवंडे: मुलीचा मुलगा फिलिप, एका मुलाची मुलगी, ब्रागान्साची डचेस कातारिना, आणि दुसऱ्या मुलाचा अनौरस पुत्र, क्रातोचा प्रायर आंतोनियो. म्हणजे मुळात हे एका घराण्यातील वारसाहक्काचे भांडण. आपल्याकडे वाडीच्या बांधावरून भाऊबंद कोर्टात जातात. तिथे बांधाच्या जागी राज्य होते आणि वकिलांच्या जागी सैन्य.

जूनमध्ये सांतारेमच्या लोकांनी आंतोनियोचा जयघोष केला. त्याच सुमारास आल्बाच्या ड्यूकचे सैन्य स्पेनची सीमा ओलांडत होते. २५ ऑगस्ट १५८० रोजी लिस्बनच्या वेशीवर, आल्कांतारा येथे, आंतोनियोच्या घाईघाईने जमवलेल्या सेनेचा धुव्वा उडाला. लक्षात घ्या, दोन्ही बाजूंचे सैनिक एकाच पोपमहोदयांना मानणारे, एकाच संस्कारांवर पोसलेले आणि एकाच मातेची जपमाळ करणारे होते.

आणि धर्मगुरू? त्यांनी उभय पक्षांत समेट घडवला असता तर मी हा लेख लिहिला नसता. ग्वार्दाचे बिशप जोआव दे पोर्तुगाल उघडपणे आंतोनियोच्या बाजूला गेले. गावोगावचे अनेक पाद्री आणि व्रतस्थही त्याच्याच बाजूचे होते, तर वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांपैकी बरेच जण फिलिपकडे झुकले. आसोरेस बेटसमूहातील तेर्सेइरा बेट आंतोनियोशी एकनिष्ठ राहिले. तिथे २५ जुलै १५८१ रोजी स्पॅनिश शिपाई उतरले, तेव्हा बेटावरील रानटी गुरांचा कळप उधळवून त्यांच्या अंगावर सोडण्यात आला. ही युक्ती एका ऑगस्टिनियन व्रतस्थाची होती, असे सांगतात. त्याच बेटावर फिलिपचे पक्षपाती म्हणून येशूसंघीयांना त्यांच्याच कॉलेजात कोंडण्यात आले. एक व्रतस्थ गुरांनिशी लढाईवर, दुसरे व्रतस्थ कुलपात! १५८२ मध्ये साव मिगेल बेटाजवळील आरमारी लढाईत आंतोनियोच्या मदतीस आलेल्या फ्रेंचांचा पराभव झाला आणि शेकडो कैद्यांना चाचे ठरवून देहदंड देण्यात आला. पुढच्या वर्षी तेर्सेइराही पडले.

युद्ध संपल्यावरही हा रोग हटला नाही. सेबास्तियन जिवंत आहे, या लोकांच्या भाबड्या आशेवर तोतये उगवू लागले. मिगेल दोस सांतोस नावाच्या, आंतोनियोच्या पक्षाच्या व्रतस्थाने माद्रिगाल गावातील मिठाईवाल्याला राजा म्हणून उभे केले आणि तिथल्या मठातील, फिलिपचीच पुतणी असलेल्या धर्मभगिनीला त्यात गुंतवले. १५९५ मध्ये मिठाईवाला फासावर गेला आणि व्रतस्थही. मठाच्या भिंतींआडच्या विश्वासाचा असा वापर करणाऱ्याला भोळा म्हणून सोडून द्यावे काय?

हे सारे दूर युरोपात घडले, आपला काय संबंध, असे कोणी विचारील. वसई १५३४ पासून पोर्तुगीजांकडे होती. १५८१ मध्ये गोव्यात फिलिपच्या नावाने निष्ठेची शपथ घेतली गेली आणि वसईचाही राजा बदलला. आपल्या पूर्वजांना कोणी विचारले नाही. पण या भांडणाची झळ आपल्या घरापर्यंत आली आणि तिची खूण आपल्या वेदीवर आहे.

१५८१ मध्ये तोमार येथे जो समझोता झाला त्यानुसार राजा एक, पण पोर्तुगाल आणि स्पेन यांची राज्ये, वसाहती व व्यापारमार्ग वेगळे राहिले. मिशनकार्यही त्याच रेषेने दुभंगले. गोवा आणि मकावमार्गे येणारे पोर्तुगीज छत्राखालचे, मनिलामार्गे येणारे स्पॅनिश छत्राखालचे. जपानात हे दोन प्रवाह समोरासमोर आले. वसईचे सुपुत्र गोन्सालो गार्सिया मनिलात फ्रान्सिस्कन झाले आणि १५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांच्या शिष्टमंडळाचे दुभाषी म्हणून जपानला गेले. येशूसंघीयांच्या मते ते क्षेत्र पोपमहोदयांनी १५८५ मध्ये त्यांच्याकडे राखून ठेवले होते. १५९६ मध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यावर फुटले, माल जप्त झाला, आणि पोर्तुगीज व स्पॅनिश एकमेकांवर दोषारोप करीत राहिले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला गोन्सालोंसह २६ जण क्रूसावर चढले; त्यांत फ्रान्सिस्कन होते, येशूसंघीय होते, सामान्य प्रापंचिकही होते. हुकूम हिदेयोशीचा होता, त्याचा दोष मी दुसऱ्याच्या माथी मारीत नाही. परंतु जिवंतपणी राजांच्या सीमारेषांनी वेगळे केलेल्यांना एकत्र आणले ते हौतात्म्याने, हा धडा आपण संताच्या मिरवणुकीत कधी आठवतो काय?

राजाश्रयामुळेच आपली चर्चे उभी राहिली, हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण हिशेब पुरा करा. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली. राजा गेला, राज्यपाल गेले, युरोपीय व्रतस्थ गेले. किल्ल्यातील भव्य चर्चांचे आज भग्नावशेष उरले आहेत. श्रद्धा मात्र राहिली. ती देशी धर्मगुरूंनी आणि संध्याकाळी दिव्यापुढे जपमाळ म्हणणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांनी राखली. कोणत्या सिंहासनाने त्यांना पोसले होते? श्रद्धेचे बळ राजाकडून येते, या समजुतीला आपल्याच गावांनी अडीचशेहून अधिक वर्षे खोटे पाडले आहे.

आज गाद्या राजांच्या नाहीत, पण रिकाम्या होतातच. निवडणूक आली की उमेदवार धर्मग्रामाच्या दारात येतो, सणाला देणगी देतो, वेदीजवळ छायाचित्र काढू पाहतो. आम्हा धर्मगुरूंपैकी काहींना ही ये-जा सुखावते, हे मी स्वतःला वगळून म्हणत नाही. "फादर, यंदा मत कोणाला द्यायचे?" असे घरोघरी विचारले जाते. न्याय, गरिबांचे हक्क, जमीन, पाणी यांवर धर्मगुरूने निर्भयपणे बोलावे; तिथे मौन हे पाप आहे. परंतु दावेदाराच्या नावावर पवित्र पाण्याचे शिंतोडे उडवणे हे त्याचे काम नव्हे. मत ज्याने त्याने आपल्या विवेकबुद्धीला स्मरून द्यावे.

भावाबरोबरच्या वाटणीत न्याय करा, म्हणून एक मनुष्य प्रभूकडे आला होता. प्रभूने तो निवाडा करण्याचे नाकारले आणि उलट लोभापासून सावध राहायला सांगितले. १५८० मध्ये पोर्तुगालच्या धर्मगुरूंनी नेमके तेच निवाड्याचे आसन पटकावले. आपण ते रिकामेच राहू द्यावे.