इंच इंच भरू नका!

आमच्या जावयांचं आणि माझं एक भांडण २०२४ सालापासून चालू आहे. मानपानाचं नाही, देण्याघेण्याचं तर नाहीच नाही. भांडण आहे एका छोट्या बोटीतल्या कपाटांवरून. घरची मंडळी या विषयाला इतकी कंटाळली आहेत, की फोनवर बोलायला लागलं की लेक आधीच बजावते, "आई, आज बोट नको." म्हणून म्हटलं, इथे लिहावं. इथे मला मध्येच थांबवणारं कुणी नाही!

आधी बोटीविषयी. लेक-जावई इंग्लंडात नॉरिचला असतात. तिथून जवळच नॉरफोक ब्रॉड्स नावाचा प्रदेश आहे. संथ नद्या आणि त्यांना जोडलेली उथळ तळी. (भूगोलाच्या बाईंना राहवत नाही म्हणून सांगते. ही तळी निसर्गानेच केली असंच सगळे धरून चालले होते. मध्ययुगात लोकांनी जळणासाठी पीट खणून नेलं आणि त्या खड्ड्यांत पाणी भरलं, हे जॉइस लॅम्बर्ट नावाच्या संशोधक बाईंनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं. असो.) या पाण्यावर फिरायला जावयांनी एक जुनी केबिन क्रूझर घेतली आहे. लांबी २३ फूट. ऐकायला बरी वाटते, पण त्यात पुढचं निमुळतं टोक आलं, मागची उघडी बैठक आली, इंजिन आलं. राहायला उरतं ते आपल्याकडच्या एका बऱ्यापैकी स्वयंपाकघराएवढं. पुढे इंग्रजी व्ही अक्षरासारखा बिछाना. मध्ये दोन बाकं आणि टेबल. रात्री टेबल खाली उतरवून त्यावर गाद्या टाकल्या की पलंग तयार. एका बाजूला दोन बर्नरची शेगडी आणि बशीएवढं सिंक. संडासात जायचं तर बाहेरच वळून घ्यायचं, आत गेल्यावर वळता येत नाही.

सामानाची जागा म्हणजे मुख्यतः बाकांखालचे आणि बिछान्याखालचे कप्पे. त्यांची झाकणं वरून उघडतात आणि झाकणावर गादी असते. ही गोष्ट लक्षात ठेवा.

जावई हुशार आणि टापटिपीचे. त्यांचा सिद्धान्त एकच : "आई, इथे एक इंचसुद्धा वाया जाता कामा नये." त्यासाठी त्यांनी काय काय आणलं होतं! हवा ओढून रजया चपट्या करायच्या पिशव्या, एकात एक बसणारी पातेली, छताला टांगायच्या जाळ्या, दारामागे लटकवायचे खिसेवाले पडदे, आणि चौकोनी डबे, प्रत्येकावर छापील चिठ्ठी. 'औषधं'. 'पावसाळी'. 'विजेचं'. बघून कुणीही शाबासकी दिली असती. मीही दिली.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही दोघं, लेक, जावई आणि नात असे पाच जण रॉक्सहॅमहून बोटीने निघालो. ब्यूर नदीने हॉर्निंग ओलांडून रॅनवर्थच्या तळ्याशी बोट बांधली. सुरेख जागा. मागे झाडीतून चर्चचा मनोरा. जेवणं झाली, टेबलाचा पलंग करायचा म्हणून टेबलावरचं सगळं उचलून जिथल्या तिथे गेलं. त्यात ह्यांचा गोळ्यांचा बटवा होता. ह्यांची २०१९ मध्ये अँजिओप्लास्टी झालेली आहे, जिभेखाली ठेवायची गोळी एरवी शर्टाच्या खिशात असते. कपडे बदलताना बटवा टेबलावर ठेवला होता, तो 'औषधं'च्या डब्यात गेला. डबा व्हीच्या बिछान्याखाली गेला. आणि त्या बिछान्यावर आम्ही दोघं झोपलो.

मध्यरात्रीनंतर ह्यांनी मला हलवलं. छातीत दाटतंय म्हणाले.

आता विचार करा. ज्या माणसाने हलायचं नाही त्यालाच उठवायचं, कारण गोळी त्याच्या पाठीखाली! लेक आणि मी मिळून ह्यांना बाकाकडे सरकवलं. गादी उचलली. झाकण उचललं. वर हवा काढलेल्या दोन रजया, विटेसारख्या कडक, कप्प्याच्या तोंडात अडकलेल्या. त्या ओढल्या. खाली 'पावसाळी'. त्याच्या खाली 'औषधं'. जावई एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात रुग्णवाहिकेसाठी फोन घेऊन उभे. लेक म्हणते चार मिनिटं लागली. मी घड्याळ पाहिलं नव्हतं. गोळी लागू पडली, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन आलो, कार्डिओग्राम ठीक निघाला.

पण भांडणाचं मूळ ते नव्हे. मूळ आहे सकाळचं एक वाक्य. चहा पिताना जावई अगदी शांतपणे म्हणाले, "पण आई, गोळी तिच्या जागी होती."

तिच्या जागी! अहो, गोळीची जागा कुठली? वर्गवारीने ठरेल ती, की हाताच्या घाईने ठरेल ती? औषधं औषधांत आणि दोऱ्या दोऱ्यांत ही ग्रंथालयाची रीत झाली. पुस्तक चार मिनिटं उशिरा मिळालं तर कुणाचा जीव जात नाही. बोटीत वस्तूला विचारायचा पहिला प्रश्न 'तू कोण?' हा नाही. 'तू मला किती घाईत लागणार?' हा आहे. गोळ्या, टॉर्च, तरंगायची जाकिटं, आग विझवायचं नळकांडं, दोरी कापायचा सुरा, या वस्तू अंधारात, कुणालाही न उठवता, कशावरूनही काही न हलवता हाती आल्या पाहिजेत. मग त्यापायी चांगला फूटभर कप्पा अडला तरी चालेल. जाकिटं त्या वेळी कुठे होती विचारा. पुढच्या कप्प्यात, घडीच्या खुर्च्यांखाली. जागा मात्र एक इंच वाया गेलेली नव्हती!

यावर जावयांचं म्हणणं असं, की मी चाळीचे नियम बोटीला लावते. लावते, मान्य आहे. गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांत आम्ही सात माणसं राहिलो. माळ्यावर गणपतीचं मखर आणि दिवाळीची मोठी भांडी, खाटेखाली ट्रंका, ट्रंकांवर दिवसा वळकट्या. पण कंदील आणि काडेपेटी कायम एकाच खुंटीशी आणि कोनाड्यात. दिवे गेले तर घरातलं सगळ्यात लहान पोरही चाचपडत तिथे जात असे. कोनाड्यात आणखी चार वस्तू मावल्या असत्या. सासूबाईंनी कधी ठेवू दिल्या नाहीत.

"चाळ कलत नव्हती, आई," हे जावयांचं उत्तर. आणि इथे मात्र त्यांनी मला गप्प केलं, तेही नोंदवून ठेवते. पहिल्याच दिवशी मी पाण्याच्या बाटल्या, तांदूळ, कांदे-बटाटे असं सगळं हाताशी बरं म्हणून शेगडीच्या बाजूला रचलं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे वर्गात हजारदा शिकवलेलं. पण पन्नास लिटर म्हणजे एक आख्खं माणूस एका अंगाला बसवलंय हे काही सुचलं नाही. बोट कलली आणि चहाचा कप माझ्याकडे चालत आला. जड सामान खाली आणि मध्यभागी, हलकं वर आणि कडेला. चाळीत हे कुणी शिकवत नाही.

आणि माझे डबे! विमानातून मी गोल स्टीलचे डबे घेऊन गेले होते. भाजणी, मेतकूट, चिवडा. जावयांनी कागदावर मांडून दाखवलं की चौकोनात गोल बसवला की जवळजवळ २१ टक्के जागा कोपऱ्यांत मरते. गणित बरोबर होतं. शिवाय ते रात्रभर एकमेकांवर वाजत होते ते वेगळंच. पण गणित तिथे थांबत नाही. बोटीची भिंत सरळ नसते, पोट असल्यासारखी गोल आत येते. तिच्याशी चौकोनी डबा लावला की मागे तिकोनी पोकळी राहतेच. तिथे चालते ती मऊ कापडी पिशवी, जी भिंतीचा आकार घेते. आणि तीसुद्धा भिंतीला घट्ट चिकटवायची नाही. बाहेर गार पाणी, आत माणसांचे श्वास आणि कुकरची वाफ. भिंतीवर दव धरतं. दोन बोटं हवा खेळायला ठेवली नाही तर पांघरुणांना बुरशी लागते. ती दोन बोटं जागा वाया गेली म्हणायची का?

हेच माझं सगळं म्हणणं आहे. बोटीत जी जागा रिकामी दिसते ती पुष्कळदा रिकामी नसते, कामावर असते. गॅस सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाला एक भोक असतं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली बसतो, म्हणून तो त्या भोकातून बोटीबाहेर जावा अशी योजना. तो बोटीच्या पोटात शिरला तर एक ठिणगी पुरे. जावयांनी त्या कप्प्यात जास्तीची दोरी गुंडाळून ठेवली होती, नेमकी भोकावर. 'जागा होती म्हणून.' शेगडीजवळच्या हवेच्या जाळीपुढे पिशवी टांगली होती, कारण तिथे हुक लावता येत होता. कार्बन मोनॉक्साईडला ना रंग ना वास. तिकडच्या बोट-सुरक्षा तपासणीत, राहायची सोय असलेल्या बोटीला त्याचा अलार्म २०१९ पासून लागतोच, आणि यांच्याकडे तो होताही. पण अलार्म लावून जाळी झाकणं म्हणजे वॉचमन ठेवून दार उघडं टाकणं. दोरी आणि पिशवी दोन्ही त्यांनी त्याच सकाळी हलवल्या. मुकाट्याने. एवढा दिलदारपणा आहे त्यांच्यात.

बोटीच्या अगदी तळाला, जमिनीच्या फळीखाली, बिल्ज नावाची खोलगट जागा असते. आत शिरलेलं पाणी तिथे जमतं आणि पंपाने बाहेर फेकतात. तिथेही लोक डबाबंद अन्न भरतात. ओलीने डब्यांची कागदी लेबलं सुटतात आणि त्यांचा लगदा पंपाच्या तोंडात बसतो. म्हणून जुने दर्यावर्दी लेबलं आधीच सोलून डब्यांवर रंगाने खुणा करत.

कुणी म्हणेल, मग लांबच्या सफरीवाल्यांनी काय करायचं? जावयांनीही ते अस्त्र काढलंच. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. १९६८ च्या जूनमध्ये निघाला तो १९६९ च्या एप्रिलमध्ये परतला, ३१२ दिवस. त्याची 'सुहैली' ३२ फुटांची आणि बांधलेली आपल्या मुंबईत, सागवानी लाकडात! (हे ऐकून माझी बाजू क्षणभर डळमळली, खोटं कशाला बोलू.) त्याने नाही का कोंबलं? कोंबलं. कारण वाटेत दुकान नव्हतं. आपण दोन रात्री जाणार, आणि वाटेत हॉर्निंगला दुकानं. ज्याला मोकळी जागा परवडत नाही त्याचं उदाहरण, ज्याला परवडते त्याने कशाला द्यावं? आणि त्या नॉक्स-जॉन्स्टनचंसुद्धा टाक्यांतलं पाणी वाटेत खराब झालं. पावसाचं पाणी धरून आणि टाक्यांबाहेर ठेवलेल्या पाण्यावर त्याने निभावलं. सगळं एकाच ठिकाणी नीटनेटकं ठेवू नये हेही त्याच्याचकडून शिकावं.

शेवटी मला वकील मिळाला तो नऊ वर्षांच्या नातीच्या रूपाने. तिच्याकडे ते सोळा घरांचं सरकत्या सोंगट्यांचं कोडं आहे. पंधरा सोंगट्या, एक घर मोकळं. मी म्हटलं, यात सोळावी सोंगटी बसवूया का? ती म्हणाली, "आजी, मग काहीच हलणार नाही ना!" जावई समोरच बसले होते. बोटीत नेमकं हेच होतं. टेबलाचा पलंग करायचा तर टेबलावरचं कुठेतरी जायला हवं, पावसात भिजलेले कोट कुठेतरी जायला हवेत. एक तरी कप्पा रिकामा नसेल तर ते सगळं माणसांच्या अंगाखांद्यावर फिरत राहतं, नाहीतर टपावर चढतं. टपावर चढलेल्या सामानाचं काय होतं ते पॉटर हायमच्या जुन्या दगडी पुलाखाली विचारा. कमान इतकी ठेंगणी की बोटी भरती-ओहोटी बघून जातात.

तर तह असा झाला आहे. शेगडीसमोरचा एक कप्पा कायम रिकामा. त्यावर जावयांनी छापील चिठ्ठी लावली आहे : 'आई'. गोळ्यांचा बटवा ह्यांच्या उशाशी खुंटीवर. जाकिटं दाराशी, उघडी. रजया चपट्या करायच्या पिशव्या थंडीत बोट बंद असताना वापरायच्या, त्याला माझी काही हरकत नाही. मी गोल डबे नेणार नाही, पोळपाटही नेणार नाही, पोळ्या त्या टेबलावरच लाटीन. लाटणं मात्र नेणार. जावई म्हणतात त्याचं काम बाटलीनेही होतं. त्यावर बोलणी चालू आहेत.