आकड्यांच्या गावात : एका नाण्याची दोन गणितं

बालमित्रांनो, दशांश चिन्हानंतरचे आकडे लिहायचा कंटाळा येतो ना? आज पाहू या, ते विसरले तर कुणाचं किती नुकसान होतं.

युरोपात पूर्वी जर्मनीचा मार्क, फ्रान्सचा फ्रँक, इटलीचा लिरा अशी वेगवेगळी चलनं होती. सीमा ओलांडली की पैसे बदला आणि दर वेळी वटणावळ भरा! शेवटी १ जानेवारी १९९९ ला ११ देशांनी मिळून 'युरो' हे एकच चलन घेतलं. नोटा आणि नाणी लोकांच्या हाती आली २००२ च्या १ जानेवारीला.

मग जुन्या पैशांचं काय? त्यांचा दर कायमचा बांधून टाकला. १ युरो म्हणजे १.९५५८३ मार्क, ६.५५९५७ फ्रँक किंवा १९३६.२७ लिरा. मोजा बरं, प्रत्येक दरात सहाच अंक!

तुम्ही म्हणाल, "बाई, सरळ २ मार्क धरले असते तर?" समजा, एका आजीने जन्मभर काटकसर करून १ लाख मार्क साठवले. खऱ्या दराने तिला सुमारे ५१,१२९ युरो मिळतील. २ ने भागलं तर फक्त ५०,०००. म्हणजे १,१२९ युरो गेले की! म्हणूनच हा दर कापायचा नाही, असा कायदाच होता. जर्मनीची मध्यवर्ती बँक जुने मार्क आजही याच दराने बदलून देते.

हे झालं घरातलं गणित. बाहेरचं मात्र रोज बदलतं. १९९९ च्या सुरुवातीला १ युरोला सुमारे १.१८ डॉलर मिळत. ऑक्टोबर २००० मध्ये ०.८३ च मिळू लागले. जुलै २००८ मध्ये भाव १.६० पर्यंत चढला आणि जुलै २०२२ मध्ये दोघं जवळजवळ बरोबरीला आले. असं का? बाजारात भाजीचं होतं तसंच! ज्याला मागणी जास्त, त्याचा भाव चढतो. २०२२ मध्ये अमेरिकेत व्याजदर भराभर वाढले, युद्धामुळे युरोपात गॅस महागला आणि लोक डॉलर मागू लागले.

याची झळ आपल्यालाही लागते. नाशिकची द्राक्षं नेदरलँड्सला जातात. सौदा युरोत ठरला आणि पैसे मिळेपर्यंत युरो उतरला, तर द्राक्षं तेवढीच, पण हाती रुपये कमी!

एकत्र राहण्याची किंमतही असते. २०१० मध्ये ग्रीस कर्जात बुडाला. स्वतःचं चलन असतं, तर त्याचा भाव उतरून ग्रीसचा माल परदेशात स्वस्त झाला असता. अर्थात बाहेरून येणाऱ्या वस्तू महागल्या असत्या. पण युरो सगळ्यांचा. एकट्याला त्याचा भाव कसा उतरवता येणार? मग पगार आणि पेन्शनी कापल्या. २०१३ मध्ये तिथे काम शोधणाऱ्या आणि करणाऱ्या दर १०० माणसांत सुमारे २७ बेकार होती. एका जुवाला जुंपलेल्या बैलांपैकी एक थकला, तरी त्याला एकट्याला थांबता येत नाही, तसंच हे.

आता तुमची पाळी! ३,००० लिरा म्हणजे किती युरो? उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत काढा. दर मात्र कापायचा नाही हं! आई-बाबांनाही सोडवायला बसवा. (उत्तर : १.५५ युरो. आधी सोडवा, मगच पाहा!)