१ जूनवाले

कंपनीची बस शीळफाट्याला अडकली की डोक्यात कालचा लॉग सुरू होतो. पेन्शनरांच्या डेटात जन्मतारखेच्या कॉलमात ०१/०६ चा नुसता पाऊस! टीममधला दिल्लीचा पोरगा म्हणाला, "डिफॉल्ट दिसतंय, नल करून टाकू."

अरे बाबा, जन्माची नोंद नसली की आमच्याकडे गुरुजी शाळेत घालताना १ जूनच लिहायचे! माझ्या आजोबांचीही तीच. तारीख खोटी, पण दाखला, पेन्शन सगळं तिच्यावरच. ती उडवली तर म्हाताऱ्याने कुठे खेटे घालायचे?

खरी भीती वेगळीच. ०१/०६ अमेरिकन पद्धतीने वाचली की ६ जानेवारी होते. १३ तारखेपासून पुढे निदान एरर तरी येते, पण वर्षातल्या १३२ तारखा गुपचूप उलटतात आणि व्हॅलिडेशन पास! म्हणून मी म्हणतो, फॉर्मॅट सोर्सवाल्यांकडून लिहून घ्या, संशयित रेकॉर्ड बाजूला काढा, पण स्वतःच्या मनाने 'दुरुस्त' करू नका.

सुटली वाटतं बस.