फळगंधी परफ्यूम सारखीच असतात काय?

फुलांच्या वासाला फळांच्या वासाची जोड दिलेल्या परफ्यूमविषयी जाणकारांत एक मत रूढ आहे. हा सारा प्रकार गोडमिट्ट व एकसुरी असतो, त्यातली फळे प्रयोगशाळेत जन्मलेली असतात, तेव्हा अशा दोहोंतून एक निवडायचे ते बाटली आणि किंमत पाहूनच, असे ते मत. लाँकोमचे ‘त्रेझोर’ (1990) आणि दिओरचे ‘झादोर’ (1999) शेजारी ठेवले की हा पूर्वपक्ष टिकत नाही.

कृत्रिमतेचा आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे; त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. लिंबूवर्गीय फळांच्या सालीतून सुगंधी तेल पिळून निघते, परंतु पीच किंवा पेअरपासून परफ्यूमच्या कामाचे तेल मिळत नसल्याने त्यांचा वास रेणू जुळवूनच उभा करावा लागतो. ही अलीकडच्या बाजाराने शोधलेली पळवाटही नव्हे, कारण झाक गेर्लँ यांनी 1919 सालीच ‘मित्सुको’मध्ये पीचसारखा दरवळणारा गॅमा-अनडेकॅलॅक्टोन हा रेणू वापरला आणि ते परफ्यूम आजही अभिजात गणले जाते. शिवाय फळ आणि फूल यांच्या वासांत निसर्गानेही भिंत घातलेली नाही: हिरव्या चाफ्याचे फूल पिवळसर होऊ लागले की त्याला पिकल्या फळाचाच वास सुटतो, आणि जाईच्या सुगंधातील बेन्झिल अ‍ॅसिटेट हे द्रव्य फळांच्या वासाशी जवळचे नाते सांगते.

एकसुरीपणाचा आरोप बहुधा दुकानातील कागदी पट्टीवरून होतो. पट्टीवर प्रथम जाणवतो तो शीर्षगंध, म्हणजे हलक्या, लवकर उडून जाणाऱ्या रेणूंचा वास, आणि तेवढ्यापुरती ही परफ्यूम एकमेकांसारखी भासतात, हे मान्य करायला हवे. खरा भेद तासाभराने त्वचेवर उमटतो. सोफिया ग्रोइसमन यांनी रचलेल्या त्रेझोरचा मोठा भाग कस्तुरीसदृश गॅलॅक्सोलाइडसह चारच द्रव्यांनी व्यापलेला असून त्यावर गुलाब आणि पीच असे मिसळले आहेत की कुठे एक संपतो आणि दुसरे सुरू होते ते सांगता येऊ नये. कालिस बेकेर यांनी रचलेल्या झादोरमध्ये पेअर आणि खरबूज प्रारंभी ओलसर तजेला देऊन मागे सरतात, आणि पुढे राहतो तो जाई, गुलाब व इलँग-इलँग यांचा उजळ मेळ. जाहिरातीतल्या घटकांच्या यादीवर विसंबणेही म्हणूनच फोल आहे. ती यादी वासाचे वर्णन करते, द्रव्यांचे प्रमाण सांगत नाही.

तेव्हा निवड करायची ती दोन्ही मनगटांवर एकेक परफ्यूम लावून, निदान तीन-चार तास थांबून. मुंबई-कोकणच्या दमट उकाड्यात दिवसभर वावरणाऱ्या व्यक्तीला त्रेझोरचा दाटपणा जड वाटण्याचा संभव अधिक, म्हणून तिथे झादोरच उजवे ठरते. मात्र दुसऱ्या दिवशीही साडीच्या पदराला वास रेंगाळावा, अशी जिची इच्छा आहे, तिने त्रेझोरच घ्यावे.