विचार माझा, दंड आईला



विचारस्वातंत्र्यावर भाषणं ठोकणारे मी पुष्कळ ऐकले. त्यांच्या भाषणातला माणूस नेहमी एकटा असतो. इकडं तो, तिकडं समाज. मधे मोकळं मैदान. त्याला ना आई, ना लग्नाची बहीण, ना वाण्याची उधारी. असला माणूस मी आमच्या कोल्हारात पाहिला नाही आणि मुंबईच्या गोदीतही पाहिला नाही. मी दहावी पास, गोदीत ठेकेदाराकडं हमाली करतो आणि कविता लिहितो. मला दिसतं ते एवढंच : आपल्याकडं विचार एकजण करतो आणि दंड सगळ्या घराला बसतो.

तोंडावर कुणी हात ठेवत नाही. त्याची गरजच नसते. खेड्यात पोरगं उलटं बोललं की बापाला मजुरीचं बोलावणं येत नाही. वाणी म्हणतो, मागची बाकी आधी दे. गिरणीवर दळण घेऊन गेलं की पट्टा तुटलेला असतो, तो नेमका आपल्यापुरता तुटतो. मग बाप घरी येऊन पोराला सांगतो, गप बस बाबा. समाजाचं काम बापाच्या तोंडून होतं. हाच यातला खरा हलकटपणा आहे. जो आपल्यावर माया करतो त्याच्याच हातानं आपला गळा दाबायचा.

ही रीत आजची नाही. आमची प्रवरा अकोले-संगमनेरकडून येते, कोल्हारावरून पुढं नेवाशाकडं जाते. ज्या नेवाशात शके १२१२ मधे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथं आज लोक डोकं टेकतात. पण परंपरा काय सांगते? बापानं संन्यास सोडून संसार केला. निर्णय बापाचा. वाळीत पडली चार पोरं. ब्राह्मणाच्या पोटची असून त्यांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या दारात उभं राहावं लागलं. बामनाच्या पोरांची ही गत, तर ज्यांचा जन्मच वेशीबाहेर त्यांनी तोंड उघडल्यावर काय होत असेल, हे सांगायला ग्रंथ नको.

हे हत्यार बाबासाहेबांनी बरोबर ओळखलं होतं. १९२८ साली मुंबई सरकारनं नेमलेल्या स्टार्ट कमिटीत ते सभासद होते. १९३० च्या त्या अहवालात बहिष्काराची दहशत नोंदली आहे : अस्पृश्यानं हक्क वापरायला जावं आणि गावानं त्याचं जगणंच बंद करावं. त्याच वर्षी गोलमेज परिषदेपुढं त्यांनी मागणी ठेवली, बहिष्कार हा गुन्हा ठरवा. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात तर त्यांनी मुळालाच हात घातला. कळपाच्या मताविरुद्ध माणूस स्वतःचं मत घेऊन उभा राहतो, तिथूनच सगळी सुधारणा सुरू होते. आणि जात त्या माणसाचं जगणं नरक करू शकते, म्हणून सुधारणा मरते. हा त्यांचा मुद्दा.

आणि त्या भाषणाचं काय झालं? मंडळ सुधारकांचं होतं, सनातन्यांचं नव्हतं. पण मजकूर वाचून त्यांचेच पाय लटपटले. हे गाळा, ते गाळा. बाबासाहेब म्हणाले, स्वल्पविरामही बदलणार नाही. अधिवेशन रद्द झालं, त्यांनी भाषण स्वतःच्या पैशानं छापलं. हे ध्यानात ठेवा. विचाराला धाक फक्त शत्रू घालत नाही. सुधारणेचं बॅनर लावलेलं मंडळही घालतं.

कायद्याची गोष्ट आणखी लांबलचक. १९४९ साली मुंबई सरकारनं जातीबाहेर, पंथाबाहेर काढण्याविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या अर्जावर १९६२ साली सर्वोच्च न्यायालयानं तो घटनाबाह्य ठरवला. पंथाला आपला कारभार चालवायचा हक्क, आणि ज्याला बाहेर फेकलं त्यानं मसणात जावं. पुढं २०१३ मधे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि अंनिसनं जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. २०१६ साली महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, जुलै २०१७ मधे तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. १९३६ ते २०१६. हिशोब करा. ऐंशी वर्षं.

पण कायदा कोर्टात उभा राहतो तो साक्षीदाराच्या पायावर. आणि साक्षीदाराला संध्याकाळी गावातच परतायचं असतं. आमच्याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात, २८ एप्रिल २०१४ ला सतरा वर्षांचं आपलं पोरगं मारलं गेलं. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, हा संशय. खटला चालला. साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. नोव्हेंबर २०१७ मधे सत्र न्यायालयानं आरोपींना निर्दोष सोडलं. प्रत्येक साक्षीदाराच्या मनात काय होतं ते त्याचं त्याला ठाऊक. पण मला एक सांगा, साक्षीला उभ्या राहणाऱ्या माणसाला कोण म्हणालं होतं, की उद्यापासून तुझ्या घरचं दाणापाणी आमच्याकडं? घटनेनं विचाराचं नि बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं. ते वापरायला पाठीशी पायलीभर ज्वारी लागते, ती कुणी दिली?

इथवर तुम्ही टाळ्या वाजवाल. आता पुढचं ऐका.

ही गावकी फक्त वेशीच्या आत राहते असं समजू नका. आमच्या नगर जिल्ह्यातले, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार. १९७८ मधे त्यांचं 'बलुतं' आलं. पांढरपेशे हादरले ते ठीकच. पण आपल्यातल्या शिकल्यासवरल्या लोकांनीही नाकं मुरडली : आपली लक्तरं चव्हाट्यावर कशाला टांगायची? ज्यानं आपलं दुःख पानावर मांडलं, त्याला आपणच म्हणालो, बाबा रे, जरा झाकून लिही.

माझंच सांगतो. माझ्या आईनं धान्याच्या कोठीत, ज्वारीखाली, भगवतीचा टाक लपवून ठेवला आहे. भिंतीवर बाबासाहेब, बुद्ध. कोठीत टाक. मी त्यावर कविता लिहिली. एका जयंतीच्या कार्यक्रमात वाचायची होती, म्हणून आधी तिला विचारलं. ती म्हणाली, "वाच की, माव्हं काय जातंय? पण तू वाचून गाडीत बसशील. राह्यचं मला हाये."

मी कविता वाचली. दुसऱ्या दिवशी मी गोदीत होतो, पोलादाच्या कॉइलला साखळदंड लावत. कोल्हारात दोघं कार्यकर्ते तिच्या उंबऱ्याशी होते. टाक काढ, नायतर बौद्ध म्हणू नको. पुढं शेजारच्या लग्नाचं आवतन तिला आलं नाही. कविता माझी. आवतन तिचं गेलं.

माझा त्या टाकावर काडीचा विश्वास नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्या मला मान्य आहेत, पाठ आहेत. आईशी मी भांडतो, रोज फोनवर भांडतो. पण भांडण वेगळं, धाक वेगळा. भांडणात समोरच्याला उत्तर द्यायची जागा असते. धाकात फक्त लपवायची जागा असते. आणि लपवलेला देव कधी जात नाही, तो ज्वारीखाली मुरत बसतो. बुद्धानं केसपुत्तच्या कालामांना सांगितलं : परंपरा म्हणते म्हणून, ग्रंथ म्हणतो म्हणून, गुरू म्हणतो म्हणूनही मानू नका, स्वतः पारखा. ज्या धम्माचा पाया हा, त्याच्या नावानं तुम्ही म्हातारीचं आवतन तोडता?

मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणाल. शत्रू दारात उभा आहे, एकी पाहिजे, घरातलं भांडण चव्हाट्यावर नको. एकी पाहिजेच. पण आमच्या टोळीत बघा. जड माल उचलताना एकजण ओरडतो, थांबा, साखळी सटकतेय. त्या वेळी मुकादमही थांबतो. ओरडणाऱ्याला कुणी फुटीर म्हणत नाही. त्याला गप्प बसवणारी टोळी मालाखाली चिरडून मरते. चळवळीत मात्र वर्गणीचा हिशोब मागितला की फुटीर, नेत्याला प्रश्न केला की दलाल, कविता लिहिली की समाजद्रोही. मग गावकीत आणि आपल्यात फरक काय राहिला, निळ्या रंगाचा?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक वस्तीत दोन गोष्टी ठरवा. एक, जो गावाविरुद्ध तोंड उघडेल, साक्ष देईल, तक्रार करेल, त्याच्या घराचं दळण, उधारी, मजुरी वस्ती बघेल. त्यासाठी जयंतीच्या वर्गणीतला हिस्सा आधी बाजूला काढा, डीजे नंतर लावा. दोन, जो आपल्याविरुद्ध तोंड उघडेल, त्याच्याशी रात्रभर वाद घाला, त्याचा मुद्दा चिंधड्या करून टाका. पण त्याच्या आईच्या घागरीला, तिच्या आवतनाला, तिच्या मयतीच्या खांद्याला हात लावू नका.

पहिली गोष्ट सगळ्यांना पटते. दुसरीवर सगळे खाली बघतात. पण दुसरी जमली नाही तर पहिलीला अर्थ नाही. कारण उद्या साक्षीला उभं राहणारा माणूस आपल्यातल्या हो-जी-हो करणाऱ्यांतून येणार नाही. जो आज आपल्यालाच 'नाही' म्हणतोय, त्याच्यातूनच तो येणार आहे. त्याला सांभाळा.