शस्त्रक्रियेनंतरची ताकद

प्रायश्चित्तकाळातील एका शुक्रवारी आम्ही बसवकल्याणजवळच्या एका खेड्यात आजाऱ्यांस ख्रिस्तप्रसाद देण्यास गेलो होतो. एका घरच्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या माउलीचे सोलापुरास पोटाचे ऑपरेशन होऊन तीन आठवडे लोटले होते. जखम भरली होती. परंतु भाकरी थापावयास बसली की हातांस कापरे भरे. तेव्हापासून केवळ भाताची पेज, आणि तीवर उपासही! मुलगा मात्र ताकदीच्या हार्मोनचे इंजेक्शन कोठे मिळते याच्या शोधात होता.

ही ताकद जाते कोठे? शरीरास मोठी जखम झाली की कॉर्टिसोलसारखे हार्मोन वाढतात व स्नायूंतील प्रथिने मोडू लागतात. पीक बुडाल्यावर कणगीतले बियाणे खावे, तसाच हा प्रकार. त्यातून जखम भरावयास सामग्री मिळते. पण पुष्कळसा नत्र लघवीवाटे निघून जातो. ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसन यांनी हाड मोडलेल्या रोग्यांत हा ऱ्हास १९३० च्या सुमारास मोजून दाखविला.

मग हार्मोन देऊनच तो का थांबवू नये? तेही झाले. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर वाढीचे हार्मोन दिल्यास हा ऱ्हास कमी होतो, असे लहान प्रयोगांत दिसले. पुढे १९९९ साली युरोपातील ५३२ अत्यवस्थ रुग्णांवरील दोन प्रयोगांचा निकाल आला. फिनलंडमध्ये हार्मोन दिलेल्यांपैकी ३९ टक्के दगावले, न दिलेल्यांपैकी २०. दुसऱ्या प्रयोगात ४४ व १८. ते रुग्ण या माउलीहून फारच आजारी होते हे खरे. तथापि औषधविक्रेत्याच्या सांगण्यावरून असले इंजेक्शन टोचून घेणे आम्हांस धोक्याचे वाटते.

त्याच पैशांत अंडी, दूध, तुरीची डाळ आणावी, असे आम्ही मुलास सांगितले. अशा रुग्णास दर किलो वजनामागे रोज सुमारे दीड ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, पेजेत नाममात्र. (मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांस आधी विचारावे.) पडून राहिल्यानेही स्नायू झिजतात, म्हणून अंगणात थोडे चालावे.

माउलीची शंका निराळीच. "फादर, शुक्रवारी अंडे खाल्लं तर पाप नाही का लागणार?"

शुक्रवारी वर्ज्य आहे ते मांस, अंडे नव्हे. उपासाचे दिवस दोनच, राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार, आणि आजाऱ्यास त्यांतूनही मोकळीक आहे. इतकेच काय, ख्रिस्तसभेच्या कायद्यातील ९१९ व्या कलमानुसार आजारी माणसाने व त्याची शुश्रूषा करणाऱ्याने तासाभरात काही खाल्ले असले, तरी ख्रिस्तप्रसाद घेता येतो.

तिने सुनेस हाक मारली. अंडे उकडेपर्यंत आम्ही तेथेच बसलो.