'मी ओके आहे'

शॉक म्हणजे काय? गीझरचा बसतो तो. नाहीतर अप्रायझलचं लेटर उघडल्यावर बसतो तो. माझंही ज्ञान एवढंच होतं. एका शुक्रवारी रात्री स्वारगेटहून सांगलीची गाडी पकडली आणि सातारा सोडून नागठाण्याच्या पुढे आल्यावर ते एकदम वाढलं.

हायवेला बाइक पडली होती. आपल्याच वयाचा मुलगा डिव्हायडरला टेकून बसलेला. कोपर फुटलं होतं आणि सगळी गर्दी त्या कोपराभोवती. तो म्हणत होता, "मी ओके आहे. फक्त पाणी द्या." मी लगेच बाटली पुढे केली. आपली माणुसकी बाटलीपासूनच सुरू होते ना!

"ते पाणी ठेव बाजूला." मागून आवाज आला. आमच्याच गाडीतल्या, मिरजेत नोकरी करून रिटायर झालेल्या सिस्टर. त्यांनी त्याचं मनगट धरलं. "नाडी किती पळतीय. हात कसं गार पडल्यात बघ. आणि मांडी बघ की याची!" जीन्समध्ये उजवी मांडी टम्म फुगली होती. रस्त्यावर रक्त जेमतेम वाटीभर. बाकीचं आत साचत होतं.

त्याला आहे तिथेच आडवं केलं, पाय अजिबात हलवू दिला नाही. कुणाची तरी शाल पांघरली, कारण अंग थंड पडलं की रक्त नीट गोठत नाही. पाणी नाही, कारण पुढे भूल द्यावी लागू शकते आणि शुद्ध हरपली तर पोटातलं श्वासनलिकेत जातं. मला कोपरावर कापड दाबून धरायला बसवलं. "सारखं उचलून बघायचं नाही, काय?" मला नेमकी तीच खाज सुटली होती.

"पोलिसांचं लचांड नको," असं कुणीतरी म्हणालंच. हे खरं तर जुनं झालं. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये, असं सुप्रीम कोर्टानं 2016 मध्येच बजावलं आणि 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात त्यासाठी 134-अ हे कलम आलं. 108 ला फोन लावला, तोही सिस्टरनी ओरडल्यावर.

बाकीचा क्लास त्यांनी गाडीत घेतला आणि मी तो नंतर एका डॉक्टर मैत्रिणीकडून तपासून घेतला. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त. मांडीचं हाड मोडलं तर त्यातलं लिटर-दीड लिटर मांडीतच जिरू शकतं. अशा वेळी हृदय जोरात पळतं, त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळतात, उरलेलं रक्त मेंदू आणि हृदयासाठी राखलं जातं. म्हणून हात गार. तरीही शरीराला पुरेसा ऑक्सिजन पोहोचेनासा झाला की तो डॉक्टरांचा शॉक. तरुण, फिट माणूस ही सारवासारव फार छान करतो. जवळजवळ 30 टक्के रक्त जाईपर्यंत त्याचं बीपी बऱ्यापैकी टिकू शकतं, तो बोलतो, जोकही मारतो. मग धाडकन कोसळतो. म्हणजे जिमवाल्याचं 'ओके' जास्त फसवं.

घाई कशाची, तर रक्तस्राव रोखणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड नावाचं स्वस्त इंजेक्शन आहे, ते 3 तासांच्या आत पडलं तरच उपयोग. 2010 मध्ये 20 हजारांहून जास्त जखमींवरच्या चाचणीनंतर हे कळलं. दाबून धरणं मात्र फार जुनं. डॉ. वानलेसनी मिरजेत 1894 मध्ये मिशन हॉस्पिटल उघडलं, तेव्हा तर रक्तगटांचाही शोध लागायचा होता.

त्या मुलाच्या घरी फोन माझ्या मोबाइलवरून गेला होता, म्हणून दोन दिवसांनी त्याच्या भावाचा आला. ऑपरेशन झालं, चार पिशव्या रक्त लागलं. "शुद्धीवर आल्या आल्या तुमच्या त्या मावशींची तक्रार केली त्यानं," भाऊ म्हणाला. "म्हणे, घोटभर पाणी दिलं नाही."